तबकडी, प्लेट आणि ध्वनिमुद्रिका : यवतमाळ येथील एका प्रदर्शनावरून काही भाषिक निरीक्षणे

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ येथील एका कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्यालयातच ग्रामोफोनच्या तबकड्यांचे एक छोटेखानी प्रदर्शन मांडले होते. सभागृहात चार टेबले जोडून त्यांवर पांढरे कापड अंथरले होते. पुसद, दारव्हा, वणी, केळापूर, उमरखेड अशा निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या मंडळींनी आपापल्या घरच्या माळ्यावरून काढून आणलेल्या तबकड्या, किल्लीचा एक ग्रामोफोन, पिनांच्या दोन डब्या आणि गीतांच्या काही जीर्ण पुस्तिका त्यांवर ठेवल्या होत्या. प्रत्येक वस्तूपुढील चिठ्ठीचा मजकूर तपासून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. मी सर्व चिठ्ठ्यांवर ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द घातला. पहिल्याच दिवशी एक सेवानिवृत्त शिपाई चिठ्ठीपाशी थांबले, त्यांनी ती दोनदा वाचली, मग तबकडीकडे पाहून मला विचारले, “सर, हे त प्लेट व्हय ना?”

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर ‘होय’ असेच होते. परंतु त्या प्रश्नाने माझ्या चिठ्ठ्यांतील उणीव उघड केली. वस्तू त्यांच्या घरची होती, तिचे नाव मात्र त्यांच्या घरचे नव्हते. अशा प्रदर्शनात वस्तू जपली जाते. पण त्या वस्तूभोवती बोलली गेलेली भाषा तशीच जपली जाते काय, आणि जात नसेल तर ती कशी जपावी, या दोन प्रश्नांचा विचार या टिपणात करावयाचा आहे. प्रथम वस्तूचा थोडक्यात परिचय करून घेऊ.

१. वस्तू

ध्वनी कोरून ठेवून तो पुन्हा ऐकविणारे यंत्र एडिसनने १८७७ साली सिद्ध केले. त्याचा ध्वनी नळकांड्यावर कोरलेला असे. सपाट चकतीवर ध्वनी कोरण्याची युक्ती एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये काढली, आणि आपण जिला तबकडी म्हणतो ती या दुसऱ्या शोधाची संतती होय. भारतात नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली जात. गाणे संपताच गायिकेने आपले नाव स्वमुखाने उच्चारण्याची प्रथा पडली, तिचे कारण तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, असे सांगितले जाते. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे व १९२८ साली डमडम येथे कारखाने निघाले आणि हा प्रवास संपला.

या जुन्या तबकड्या मिनिटास ७८ फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. त्यांचे मुख्य बंधक द्रव्य म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम इत्यादी झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. लाखेत खनिज पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तो लगदा तापवून दाबला जाई. पळसाच्या रानात आणि कापसाच्या शेतात वाढलेल्या यवतमाळकरास ही घटकद्रव्ये परकी वाटू नयेत. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइल या प्लॅस्टिकची, मिनिटास सव्वातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली, आणि पुढील वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली.

प्रदर्शनाच्या फलकावर ‘विनाइलचा सुवर्णकाळ’ असे लिहिले होते, तथापि टेबलावरील निम्म्याहून अधिक तबकड्या लाखेच्या होत्या. हा भेद केवळ पंडिती नव्हे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक उत्साही कारकून धूळ काढण्यासाठी स्पिरिटचा बोळा घेऊन आले होते. त्यांना वेळीच थांबविले नसते तर धुळीबरोबर गाणेही पुसले गेले असते. तसेच किल्लीच्या यंत्राची पोलादी पिन विनाइलच्या सूक्ष्म चराला एकाच फेरीत इजा करते. लाखेची तबकडी जड असते व हातातून सुटली की फुटते. विनाइलची हलकी असून वाकते. घरी जुन्या तबकड्या असणाऱ्यांनी एवढी ओळख तरी करून घ्यावी.

२. नावे

या वस्तूसाठी प्रदर्शनात आलेल्या मंडळींच्या तोंडून मला चार नावे ऐकू आली : तबकडी, प्लेट, रेकॉर्ड आणि क्वचित ध्वनिमुद्रिका. यांतील प्रत्येक नावामागे वस्तूकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी आहे.

‘तबकडी’ हे ‘तबक’ या अरबी-फारसी मार्गाने आलेल्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. पानसुपारीचे तबक मराठी घराला परिचित होते. नव्या वाटोळ्या वस्तूला जुन्या वाटोळ्या वस्तूचे नाव मिळाले. पुढे आकाशात दिसल्याच्या वार्ता ज्यांच्याविषयी येऊ लागल्या त्या वस्तूंनाही मराठीने ‘उडत्या तबकड्या’च म्हटले. ‘प्लेट’ या शब्दात हीच क्रिया इंग्रजी शब्द घेऊन घडली आहे. पंजाबीत याच वस्तूला ‘तवा’ म्हणतात. म्हणजे मराठी बोलणारा असो वा पंजाबी, पहिल्या दृष्टिक्षेपात दोघांनाही स्वयंपाकघरच आठवले. एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले, “कायी प्लेट होती थे, हातातून सुटली का फुटे.” येथे ‘काळी’चे ‘कायी’ आणि ‘ती’चे ‘थे’ ही वऱ्हाडीची सुपरिचित लक्षणे दिसतात. त्यांच्या दृष्टीने ‘प्लेट’ हा इंग्रजी शब्द उरलेलाच नाही. तो ‘कायी’इतकाच घरचा झाला आहे.

‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द मात्र वस्तूच्या आकारावरून बनलेला नसून तिच्या कार्यावरून बनला आहे. मुद्रा म्हणजे ठसा, मुद्रिका म्हणजे ठशाची अंगठी. ध्वनीचा ठसा धारण करणारी ती ध्वनिमुद्रिका. शास्त्रीय दृष्ट्या हा शब्द इतरांहून अधिक अचूक आहे, कारण तबकडी खरोखरच साच्यात दाबून, ठसा उमटवून तयार होते. ग्रंथांत आणि आकाशवाणीवर तो रुजला. बाजारात रुजला नाही. त्यात शब्दाचा दोष आहे असे मला वाटत नाही. वाचून शिकलेले नाव आणि मागून मिळवलेल्या वस्तूचे नाव यांच्या वाटा वेगळ्या असतात, एवढेच.

‘रेकॉर्ड’ या शब्दाचे वर्तन सर्वांत लक्षणीय आहे. प्रदर्शन कार्यालयात होते व तेथे अभिलेखांची खोलीही होती, त्यामुळे दोन्ही ‘रेकॉर्ड’ एकाच दालनात ऐकावयास मिळाली. अभिलेख सांभाळणारे गृहस्थ म्हणत, “ते रेकॉर्ड जुने आहे, शोधावे लागेल”, आणि टेबलापाशी येताच तेच म्हणत, “ही रेकॉर्ड जुनी आहे, जपून धरा.” एकच उसना शब्द कागदपत्रांच्या अर्थी नपुंसकलिंगी आणि तबकडीच्या अर्थी स्त्रीलिंगी. खेळातील उच्चांकाच्या अर्थी तर ‘रेकॉर्ड मोडला’ असा पुल्लिंगी प्रयोगही होतो. तेथे ‘विक्रम’ या शब्दाची छाया पडलेली दिसते. मूळ इंग्रजी शब्दाला व्याकरणिक लिंग नाही. मराठीने ते दिले, आणि देताना त्या त्या अर्थाच्या शेजारी आधीच बसलेल्या शब्दाकडे पाहिले : तबकडी व प्लेट यांच्या शेजारी बसलेली रेकॉर्ड स्त्रीलिंगी झाली. अनेकवचनात ‘रेकॉर्डी’ असे रूप जुन्या पिढीच्या बोलण्यात सहज येते. उसना शब्द भाषेत मुरला की नाही, हे ओळखण्यास त्याच्या उच्चारापेक्षा असे रूपविकार अधिक विश्वसनीय असतात.

३. ‘लावणे’ हे क्रियापद

नामांपेक्षा क्रियापदात झालेला बदल अधिक खोल आहे. गायक गातो, वादक वाजवतो, श्रोता ऐकतो. तबकडी येण्यापूर्वी या तीन क्रियापदांत संगीताचा व्यवहार पुरा होत असे. ग्रामोफोनने एक चौथी व्यक्ती निर्माण केली. ती गात नाही, वाजवीत नाही. परंतु तिने हात हलविल्याशिवाय गाणे सुरू होत नाही. या व्यक्तीच्या कृतीसाठी मराठीने ‘लावणे’ हे क्रियापद योजले : रेकॉर्ड लावणे, आणि त्यावरून गाणे लावणे.

‘लावणे’ हे फार जुने व बहुउपयोगी क्रियापद आहे. दिवा लावतात, रोप लावतात, कुलूप लावतात, सूरही लावतात. एक वस्तू दुसरीस भिडविणे आणि एखादी गोष्ट सुरू करून देणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. पिन तबकडीला टेकविणे आणि त्या टेकविण्याने गाणे सुरू होणे, ही घटना या दोन अर्थांच्या नेमक्या संधीवर येते. म्हणून येथे ‘लावणे’ इतके चपखल बसले असावे. पुढे रेडिओ आला, तोही लावला गेला; दूरचित्रवाणी आली, तीही लावली गेली. आज विद्यार्थी हातातील फोनवर गाणे ‘लावतात’. तेथे टेकवावयास काही उरलेले नाही, पण क्रियापद उरले आहे.

वाक्प्रचारांचीही हीच कथा आहे. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणाऱ्यास ‘त्याची पिन अडकली’ असे म्हणतात. तबकडीचा चर सलग, नागमोडी असतो. त्याच्या भिंतीला ओरखडा पडला की पिन पुढे न सरकता मागच्या वेढ्यात घसरते आणि तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा उमटतात. हा प्रकार प्रत्यक्ष न पाहिलेले माझे विद्यार्थी हा वाक्प्रचार बिनचूक वापरतात. प्रदर्शनातील यंत्रावर एक जखमी तबकडी लावली तेव्हा तिघे-चौघे मोठ्याने हसले. रोज वापरत असलेल्या शब्दांचा मूळ अर्थ त्यांनी प्रथमच ऐकला होता.

४. दुकान

तबकडीची भाषा घडली ती घरापेक्षा दुकानात. लहान गावी केवळ तबकड्यांचे दुकान परवडण्यासारखे नसे. घड्याळे, रेडिओ यांच्या शेजारी त्यांना जागा मिळे. गिऱ्हाइकास हवे असलेले गाणे वर्णन करून मागावे लागे. कोणी चित्रपटाचे नाव सांगे, कोणी गायकाचे, कोणी नुसती चाल गुणगुणून दाखवी. वाचता न येणाराही शिक्क्यावरून कंपनी ओळखे. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची ती ‘कुत्रा छाप’. दुकानदार ती तबकडी लावून ऐकवी, आणि विकत न घेणारेही दाराशी उभे राहून ऐकत. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांना गाणे मिळे ते अशा दारातून, नाहीतर लग्नघरच्या भोंग्यातून. स्त्रियांच्या आठवणींत दुकान जवळजवळ नाही, भोंगा आहे. तबकडीच्या इतिहासात घेणाऱ्यांची नोंद होते, फुकट ऐकणाऱ्यांची होत नाही; पण संख्येने ते अधिक होते हे उघड आहे.

या संदर्भात एक वैयक्तिक चूक नोंदविणे मला आवश्यक वाटते. प्रदर्शनाच्या आधी एका तालुक्याच्या गावी, पूर्वी तबकड्या विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची मी भेट घेतली. कॅसेटी आल्यावर त्यांनी तो धंदा सोडला होता. ते तासभर बोलले. मी ध्वनिमुद्रक नेला नव्हता. पुढच्या वेळी नेऊ असा विचार केला. दुसऱ्या भेटीपूर्वीच ते निवर्तले. माझ्या वहीत त्यांच्या धंद्यातील अकरा शब्द आहेत. न वाजलेली तबकडी ती ‘कोरी’, मागची बाजू ती ‘पलटी’, पिन चर सोडून पुढे जाते ती ‘उडी’, असे ते शब्द. त्यांत एका ठिकाणी ‘काळी’ असे मी लिहिले आहे. ते ‘काळी’ म्हणाले की ‘कायी’ म्हणाले? दुकानदार शेतकऱ्याशी एक बोलतो व साहेबाशी दुसरे, हे आपण जाणतो. माझ्याशी ते प्रमाण उच्चार करीत होते, की त्यांच्या वऱ्हाडी उच्चाराला माझ्याच लेखणीने नकळत प्रमाण रूप दिले, हे आज मला सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासासाठी गेलेल्या भाषाभ्यासकाने ध्वनी सोडून अक्षरे आणली.

५. ऐकणारा जिल्हा

हा प्रश्न एका वहीपुरता नाही. तबकड्यांवर कोणाची मराठी होती, हे पाहिल्यास तो व्यापक होतो. नाट्यगीते, भावगीते, चित्रपटगीते यांची भाषा बहुतांशी प्रमाण मराठी होती. त्यात वऱ्हाडचा वाटा होता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताच्या लोकप्रियतेस तिने मोठा हातभार लावला. पण ती कविता वऱ्हाडच्या कवीची असली तरी वऱ्हाडी बोलीतील नव्हे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचविणारे ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी कित्येकांना त्यांची भाषा पुस्तकाआधी कानाने ओळखीची झालेली असणार. शाळेबाहेर प्रमाण मराठीचे वळण लावणाऱ्या साधनांत तबकडी व रेडिओ यांची गणना केली पाहिजे.

उलट दिशेचा प्रवास मात्र फारच थोडा झाला. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी मराठी, बंजारा, गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ मधील सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने आहेत. १९०६ मधील चौथ्या खंडात कोलामीचे वर्णन आहे, आणि पुसद तालुक्यातील एका तथाकथित ‘भिली’ बोलीचा कोलामीशी असलेला संबंधही तेथे दाखविला आहे. एमेनो यांचा कोलामीवरील मौलिक ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. तो वर्ध्याकडील बोलीवर आधारलेला आहे. हे सारे कागदावर आहे.

कागद अपुरा पडतो, हे ग्रियर्सनलाही जाणवले होते. त्याच्या पाहणीस जोडून १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांतील बोलणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यात आले. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या भाषांच्या भाषकांकडून सांगवून घेण्यात आली, जेणेकरून तुलना करता यावी. त्या तबकड्या आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही ऐकता येतात. ऐकताना खरखर पुष्कळ आहे; पण श्वास कोठे घेतला, कोठे आघात दिला, कोणता स्वर लांबविला, हे कळते, आणि ते छापील नमुन्यावरून कळत नाही. विदर्भाच्या बोलीपुरते एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. गाडगेबाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, बाबा निवर्तले. ते मुद्रण नसते तर त्यांच्या प्रश्नोत्तरांची लय आपण छापील संहितेवरून कल्पिली असती, आणि ती चुकीची कल्पिली असती.

६. काही सूचना

प्रदर्शन आठ दिवस चालले. पाहणारे तबकडी हातात घेत आणि बोलू लागत. ज्या घरी ती वाजली त्या घराविषयी, ज्या लग्नात ती ऐकली त्या लग्नाविषयी. आठवणीतील साल पुष्कळदा चुकते. ते तपासण्यास तबकडीवरील अनुक्रमांक, मध्यभागाजवळ कोरलेली अक्षरे आणि कंपन्यांच्या याद्या ही साधने आहेत. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय तबकडीसंग्राहकांच्या संस्थेने या दिशेने मोलाचे काम केले आहे. साल दुरुस्त करता येते. बोलणे मात्र बोलणाऱ्याबरोबर जाते.

म्हणून यापुढे असे प्रदर्शन मांडणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, चिठ्ठीवर ग्रांथिक नावाबरोबर वस्तू देणाऱ्याच्या घरातील नावही लिहावे. दुसरी, प्रत्येक तबकडीबरोबर ती आणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे मुद्रित करावे. प्रश्न प्रमाण मराठीत विचारला की उत्तरही तसेच येते. यासाठी विचारणारा त्याच बोलीचा असावा, आणि तांड्यावर किंवा कोलाम पोडावर तर असावाच. आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे, तेव्हा साधनाची सबब उरलेली नाही. तिसरी, ज्यांनी तबकड्या विकत घेतल्या त्यांच्याइतकेच ज्यांनी त्या दाराशी उभे राहून ऐकल्या त्यांनाही विचारावे.

शेवटच्या दिवशी मी चिठ्ठ्या बदलून दिल्या. ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द काढला नाही. त्याखाली ‘प्लेट’ असे लिहिले, आणि त्या सेवानिवृत्त शिपायांना बोलते करण्यासाठी त्यांच्याच नातवास शेजारी बसविले. ते मुद्रण पंचवीस मिनिटांचे झाले असून त्याचे लेखन विभागात चालू आहे. या लेखनात ‘कायी’ ते ‘कायी’च राहील, याची काळजी घेतली जात आहे.